उज्ज्वलाची तीन पावलं

उज्ज्वला मला माणूस म्हणून कधीच आवडली नाही, आजही आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हातारपणी आठवणी लिहायला बसलं की लोक जुन्या वैऱ्यांच्या गळ्यात गळे घालतात. ते माझ्याच्यानं होणार नाही. ती गर्विष्ठ होती. लातूरच्या एका डाळमिलवाल्याची एकुलती एक पोर, उंच, पांढऱ्याशुभ्र स्कर्टची इस्त्री मोडू न देणारी. एकदा सोडलं तर मला तिनं कधी नावानं हाक मारली नाही. माझं नाव सुमन. एरवी तिच्या तोंडी मी 'नांदेडवाली'. खेळ संपला की हात मिळवताना ती भलतीकडेच बघत असे. पण सर्व्हिस करून तिच्यासारखी नेटवर येणारी बाई मी परत पाहिली नाही, आणि मी आयुष्यभर टेनिसच बघत आले आहे. तिचा राग येतो आणि तिचा खेळ आठवतो, दोन्ही एकदमच होतं. यातलं एक काहीतरी कमी झालं असतं तर मला पुष्कळ सोपं गेलं असतं.

आमचं घर नांदेडला, नदीपासून फार लांब नाही. पहाटे गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन वाऱ्यावर यायचं, मग आईच्या स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, आणि त्यानंतर मागच्या भिंतीवर चेंडू आपटायला लागायचा. हा तिसरा आवाज माझा. वडील, म्हणजे आमचे अण्णा, कॉलेजात गणित शिकवायचे आणि संध्याकाळी अधिकाऱ्यांच्या क्लबात मुरुमाच्या कोर्टवर टेनिस खेळायचे. मुलगा नव्हता म्हणून रॅकेट माझ्या हातात आली, यात माझं काही कौतुक नव्हतं. शंभर वेळा चेंडू भिंतीवर मारायचा, मध्ये चुकला की पुन्हा एकपासून. अण्णा दाढी करता करता मोजायचे. मी शहाण्णववर चुकले तरी त्यांचा वस्तरा थांबायचा नाही, फक्त तोंडातून 'एक' निघायचं. मग चहा गार होई, आई दारात येऊन उभी राही आणि काही न बोलता आत जाई. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर कच्चं तेल हे आमचं सकाळचं खाणं, पण शंभर भरल्याशिवाय ताटावर बसायची सोय नव्हती.

अण्णांच्या खेळात सांगण्यासारखं फार नव्हतं. ते मागच्या रेषेवर उभे राहत आणि आलेला चेंडू परत टाकत, बस्स. जोरात नाही, तिरपा नाही, नुसता परत. समोरचा माणूस आधी हसे, मग चिडे, मग घाई करून चेंडू बाहेर घालवी. जिंकल्यावर अण्णांच्या तोंडावर आनंद नसायचा, एखाद्या पोराच्या वहीतली चूक सापडल्यावर मास्तराला होतं तेवढंच समाधान असायचं. घरातही त्यांची हीच तऱ्हा. आईला एकदा हदगावला भावाच्या लग्नाला आठ दिवस आधी जायचं होतं. अण्णांनी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही, बोलणंच बंद केलं. पाचव्या दिवशी आईनं भरलेली पिशवी स्वतःच रिकामी केली आणि साड्या परत कपाटात ठेवल्या. "आता काहून रडू राहिलीस, मी कुठं अडवलं तुला?" एवढंच अण्णा म्हणाले. मला तेव्हा ते इतके नकोसे झाले की मी दोन दिवस त्यांच्याकडे वर मान करून पाहिलं नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवते, ती पुढं लागणार आहे. आमच्या मागच्या अंगणात फरशी नव्हती. दर शनिवारी आई ते शेणानं सारवायची, आणि कुणी पाहुणे येणार असले तर वार न बघता सारवायची. ताजं सारवण म्हणजे आलेल्या माणसाचा मान. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा सारवण वाळलं असं समजून धावत गेले आणि सपशेल आडवी झाले, कोपर फुटलं. आई हळद दाबत म्हणाली, "वरून वाळल्यावानी दिसतं गं, आतून ओलंच ऱ्हातं. त्याच्यावर धावायचं नसतं."

उज्ज्वलाला मी पहिल्यांदा पाहिलं ते लातूरला, कॉलेजच्या पहिल्या वर्षी, एका स्पर्धेत. तिथल्या क्लबचं कोर्ट शेणानं सारवलेलं होतं. आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण तेव्हा अशी कोर्टं होती आणि नीट वाळलेली असली तर फार झकास असायची. त्यावर चेंडू उसळत नसे, सरपटल्यासारखा खालून झपकन यायचा. माझा पाय मुरुमाला सरावलेला, चेंडू आरामात वर येईपर्यंत वाट बघायची सवय. तिनं मला अर्ध्या तासात गुंडाळलं. सहा-एक, सहा-एक. ती बाहेर पडताना मैत्रिणीला म्हणाली, "नांदेडवाली घट्ट हाय, पण भिंतीसंगं खेळल्यावानी वाटतं." मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी मनात तिला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येण्यासारख्या नाहीत.

तरी मी गेले नाही. त्या दिवशी तिचे आणखी दोन सामने होते आणि मी दोन्ही कुंपणाच्या जाळीला नाक लावून पाहिले. ती चेंडू उडवायची तो घाई न करता, आणि तो वर गेला की तिची रॅकेट पाठीमागे पार कमरेपर्यंत उतरायची. लाकडी रॅकेट, पण तिच्या हातात तिला वजन नसल्यासारखं वाटे. फटका बसताक्षणी तिचा डावा पाय कोर्टात आलेला असे. मग तीन पावलं. पहिलं लांब, दुसरं त्याहून लांब, तिसरं छोटं, आणि सर्व्हिसच्या रेषेच्या हातभर अलीकडे दोन्ही पायांवर एक बारीकशी उडी. त्या उडीत ती क्षणभर थांबायची, समोरचीनं चेंडू कुठं मारला ते बघायची, आणि मग गुडघा जवळजवळ जमिनीला टेकवून रॅकेट नुसती पुढं धरायची. मारायची नाहीच. चेंडू पलीकडे पडून मुकाट बसायचा. मला तोपर्यंत टेनिस म्हणजे सहन करण्याचा खेळ वाटे. हे तर काही वेगळंच होतं. ही पोरगी समोरच्याची चूक व्हायची वाट बघत नव्हती, आपणच पुढं जाऊन काय ते निकालात काढत होती. मला ते इतकं आवडलं की तिचा राग आणखीच वाढला.

आता टीव्हीवर मोठमोठे सामने दाखवतात आणि माझी नात हौसेनं ते लावून देते. मी दहा मिनिटांत उठते. सगळे मागेच उभे. सगळे ताकदवान, सगळे दमदार आणि सगळे मागे. जगभर शेवटी आमचे अण्णाच जिंकले म्हणायचे. नात म्हणते, "आजी, तुला काहीच आवडत नाही." खरं आहे तिचं.

घरी आल्यावर मी अण्णा कॉलेजात गेले की मागच्या अंगणात तेच करून बघायला लागले. चेंडू नाही, नुसती रॅकेट. तीन पावलं आणि उडी. महिनाभरात मला ती जागा, ते अंतर, पाय कधी टेकतो आणि कधी सुटतो, सगळं पाठ झालं. खेळायला मात्र येत नव्हतं. उडीपर्यंत यायचं आणि पुढं हात काय करणार हे सुचायचं नाही. एका दुपारी अण्णा लवकर आले. दारात उभे राहून त्यांनी दोन वेळा पाहिलं. "नाचायला शिकून राहिलीस का?" म्हणाले. मी रॅकेट खाली केली. "पुढं पळतो त्याला घाई असते. घाई असलेला माणूस हरतो. मागं, रेषेवर." त्यानंतर अकरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. बाराव्या दिवशी सकाळी मी मागे उभी राहून भिंतीवर शंभर पूर्ण केले तेव्हा 'हं' म्हणाले. अंगणातली तालीम मी सोडली. आईनं त्या दिवशी वरणफळं केली होती आणि मला दोनदा वाढली, त्याबद्दलही मला तिचा राग आला.

पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या संघात मुलींची एकच जागा राहिली होती. निवड लातूरला, शेवटचा सामना उज्ज्वलाशी. माझ्या दृष्टीनं तो सामना नव्हताच, दार होतं. संघात आले तर औरंगाबादच्या व्यायाम महाविद्यालयात प्रवेश मिळणार होता, वसतिगृहासकट. अण्णांनी स्वच्छ सांगितलं होतं, "आलीस तर जा. नाही आलीस तर घरून बी.ए. कर, माझ्या डोळ्यासमोर." मला त्यांच्या डोळ्यासमोरून जायचं होतं. दाढी करता करता मोजणारा तो आवाज नसलेल्या एखाद्या खोलीत मला सकाळी उठायचं होतं. त्यासाठी उज्ज्वलाला हरवायला हवं होतं, आणि वाळलेल्या शेणाच्या कोर्टवर मी तिला दहा जन्मांत हरवू शकणार नव्हते. हे मला माहीत होतं, अण्णांनाही माहीत होतं. एसटीत ते लातूर येईपर्यंत बोलले नाहीत.

आम्ही आदल्या दिवशी दुपारी पोचलो. अण्णा आईच्या मावसभावाकडे चहाला बसले आणि मी कोर्ट बघायला गेले. बाजारातून तुरीच्या भुकटीचा वास येत होता, घसा खवखवत होता. कोर्टवर भागाबाई नावाची बाई शेवटची रांग सारवत होती. हात अर्धगोल फिरवत उलटी मागं सरकत होती, आणि बाकीचं सगळं कोर्ट आधीच वाळून घट्ट झालेलं होतं. मला बघून म्हणाली, "पाय नका देऊ ताई, एवढी कड ओली हाय. उद्या मोठाले पाहुणे येऊन राहिले म्हणं?"

"हाव मावशी. विद्यापीठाचे साहेब येणार आहेत."

"मग सकाळच्याला अजून एक हात देऊ का? पाहुणं दारात यायच्या आधी सारवून घ्यावं. शिळं सारवण बरं दिसत न्हाई."

'नको' एवढंच मला म्हणायचं होतं. ती पुढं काही बोलली नसती. पण मी चपला काढून कोर्टात गेले. मागच्या रेषेपासून तीन पावलं मोजली, पहिलं लांब, दुसरं त्याहून लांब, तिसरं छोटं, आणि जिथं उडी पडते तिथं पायाच्या अंगठ्यानं रेघ ओढली. दुसऱ्या बाजूला जाऊन तशीच रेघ ओढली. "सगळं नका सारवू मावशी, मागचं चांगलंय. इथून नेटपर्यंत द्या, दोन्हीकडं. पाणी जरा जास्त घाला म्हणजे चकचकीत दिसेल." भागाबाईला ते पटलं. पोरगी चांगल्या वळणाची आहे असं तिच्या तोंडावर दिसलं, आणि मी तिथून निघाले.

सकाळी थंडी होती, ऊन कोवळं. कोर्टचा मधला भाग गडद हिरवा, नुकत्याच न्हाऊमाखू घातलेल्या पोरासारखा तुकतुकीत. कडेनं रांगोळी होती. विद्यापीठाचे साहेब म्हणाले, "वा, काय सुंदर तयारी!" आणि क्लबचे सेक्रेटरी फुगून गेले. एवढे शिकलेले लोक होते तिथं, खेळाचे सर होते, माजी खेळाडू होते, पण पाहुण्यांसाठी सकाळी सारवलेल्या अंगणात काही खोट असेल हे एकाच्याही मनात आलं नाही. माझ्या मनात आलं होतं, कारण माझं कोपर फुटलं होतं.

पहिल्याच सर्व्हिसला उज्ज्वला त्या जागेवर पडली. तीन पावलं, उडी, आणि दोन्ही पाय एकदम सुटले. ती कुशीवर घसरली, स्कर्टवर हिरवा पट्टा उमटला. लोक हळहळले. ती उठली, रॅकेट स्कर्टलाच पुसली आणि पुन्हा सर्व्हिस केली, पुन्हा पुढं आली. सर्व्हिसचा चेंडू माझ्या बाजूच्या ओलीत पडून सुस्त होऊन यायचा. मला तो शांतपणे मागं लांब टाकायला वेळच वेळ मिळत होता. मी वाट बघत होते ती आता मागं राहील म्हणून. कुणीही राहिलं असतं. ती राहिली नाही. पडायची, उठायची, यायची. पहिला सेट मी सहा-दोन घेतला.

दुसऱ्या सेटच्या आधी ती बाकावर बसली आणि बूट काढले. मोजेही काढले. अनवाणी कोर्टात आली, पायाची बोटं त्या ओल्यात रुतवून दोन-तीनदा दाबून पाहिली, सारवणाऱ्या बाया बघतात तशी. मग जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिचा पाय सुटेना. तीच पावलं, तीच उडी, पण आता बोटांनी जमीन धरलेली. ती इतकी खाली वाकून चेंडू घ्यायची की तिच्या वेणीचं टोक शेणाला लागायचं. एक चेंडू मी तिच्या पायाशी मारला, चांगला मारला, आणि तिनं तो जमिनीच्या इंचभर वरून उचलून माझ्या उजव्या हाताला असा ठेवून दिला की मी हललेच नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझाही हात रॅकेटवर वाजणार होता, मी तो आवरला. तिच्या बाजूनं चार-एक झाले. अण्णा बाकावर बसून माझ्याकडे बघत होते, आणि मला दाढी करता करता मोजणारा तो आवाज ऐकू आला: एक.

मी पंचांच्या खुर्चीपाशी गेले. पंच म्हणजे एका कॉलेजचे व्यायामाचे सर, भला माणूस. मी म्हणाले, "सर, क्लबच्या पाटीवर लिहिलंय, पांढरे बूट सक्तीचे."

ते गोंधळले. "अगं पण पोरगी घसरून राहिली ना..."

"नियम आहे, सर."

त्यांनी पाटीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि उज्ज्वलाला बूट घालायला सांगितलं. मला वाटलं ती भांडेल. तिच्या तोंडाचा पट्टा सगळ्या लातूरला माहीत होता.  पण ती शेणानं भरलेल्या पायांवर तशीच मोजे चढवून, नाड्या आवळून परत आली आणि पुन्हा तीन पावलं टाकून पडली. पुढच्या पाचही गेममध्ये ती आपल्या प्रत्येक सर्व्हिसला पुढं आली, प्रत्येक. मी मागं उभी राहून चेंडू परत टाकत राहिले. सहा-चारवर सामना संपला आणि मी संघात आले.

हात मिळवताना तिनं आपला हात पुसला नाही. माझा पंजा बरबटला, म्हणून मी कडेच्या नळावर गेले. तीही आली. दोघी एकाच धारेखाली हात धरून उभ्या होतो. तेवढ्यात भागाबाई टोपलं घेऊन हसत हसत आली. "ताई, जमलं का सारवण? तुम्ही पायानं रेघ मारून दिली होती तेवढंच केलं बगा, इकडं न्हाई तिकडं न्हाई."

 उज्ज्वलानं नळ बंद केला. ती ओरडेल, साहेबांना हाक मारेल, माझं सगळं एका मिनिटात संपेल, असं मला वाटलं. तिनं वळून कोर्टाकडं पाहिलं, ती रेघ आता दिसत नव्हती, आणि मग माझ्याकडं. हात मिळवतानाही न बघणारी ती, पहिल्यांदाच नीट बघत होती.

"मागच्या वर्षी तू जाळीपाशी उभी होतीस," ती म्हणाली. "दोन्ही मॅची. मी बघितलं होतं तुला." मग म्हणाली, "माझं पाऊल कुठं पडतं हे आमच्या घरात बी कुणाला ठाऊक न्हाई, सुमन. इतकं कुणी बघितलंच न्हाई."

एवढं बोलून ती गेली. तिनं कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी तिला शिव्या देत सुखानं जगले असते. तिनं मला तेवढंही सुख दिलं नाही, आणि याबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही.

भागाबाईचं बोलणं माझी रॅकेट घेऊन नळाकडे आलेल्या अण्णांनीही ऐकलं होतं. परतीच्या एसटीत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा खिडकीची जागा मला दिली. अहमदपूर गेल्यावर म्हणाले, "चांगलं डोकं लढवलंस." त्यांच्याकडून मिळालेली ती पहिली शाबासकी. मी खिडकीबाहेर बघत बसले, आणि त्यांच्यापासून सुटायला निघालेली मी त्यांच्या किती जवळ जाऊन बसले आहे हे मला त्या एसटीतच कळलं.

औरंगाबादला मी गेले, खोली मिळाली, सकाळी मोजणारं कुणी नव्हतं. नंतर नांदेडला शाळेत खेळाची बाई म्हणून तीस-बत्तीस वर्षं काढली. शेकडो मुलींना मागच्या रेषेवर उभं राहायला शिकवलं, घट्ट, न चुकणारं. त्यातली एखादी कधी आपणहून पुढं धावली तर मी रागावले नाही, पण पुढं काय करायचं ते सांगितलंही नाही. आता कोर्टं सिमेंटची झाली, त्यांना शेण लागत नाही. तरी अजून कुठल्याही कोर्टवर गेले की सर्व्हिसच्या रेषेच्या हातभर अलीकडची ती जागा मला डोळे मिटून दाखवता येते. खेळताना मी तिथवर एकदाही गेलेले नाही.